डिसेंबरात उडवायचा बार

दुकानात शिरणारा माणूस माझ्या लेखी आधी संशयित, मग गिऱ्हाईक. बर्मिंगहॅममध्ये बंदुका विकायच्या तर दुसरा इलाज नाही. एक बंदूक भलत्या हाती गेली की पोलीस माझं डीलरचं रजिस्ट्रेशन काढून घेणार आणि मी घरी बसणार.

गेल्या ऑक्टोबरात एक तरुण आला. आडनाव मराठी, जन्म इथला.

"अंकल, मला एअर रायफल हवा आहे. काकाचा फार्मवर रॅट्स खूप झाले."

"फार्म कुठे?"

"एडिंबराजवळ."

झालं! साधी छर्र्याची बंदूक इंग्लंडमध्ये सज्ञान माणसाला सर्टिफिकेटशिवाय विकता येते. स्कॉटलंडची हद्द लागली की तिलाही सर्टिफिकेट लागतं. राजा एक, कायदे दोन. याच्याकडे काहीच नव्हतं.

"मग मी बर्मिंगहॅममध्येच वापरणार, असं समजा ना," तो हसत म्हणाला. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. मी साफ नाही म्हटलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. मुलाकडच्यांना डिसेंबर चालणार होता.

"मग डिसेंबरात उडवून टाकू पोरीचा बार," मी खुशीत म्हणालो. "तिला मात्र इतक्यात काही बोलू नकोस."

तरुण माझ्याकडे बघत मागे मागे सरकला आणि निघून गेला.

पुढच्या आठवड्यात बंदुकांचं लायसन्सिंग बघणारी पोलीस ऑफिसर घरी हजर. मी मुलीला गोळी घालायचं बोलत होतो, अशी तक्रार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी! तक्रार कोणाची ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. पोरगा खरंच घाबरला होता की बंदूक न मिळाल्याचा राग काढत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्यात लग्नाचा बार उडवतात, असं मी परोपरीने समजावलं. ती पापणीही न हलवता ऐकत होती. गिऱ्हाईक उंदरांची गोष्ट सांगतं तेव्हा मीही तसंच ऐकतो.

"तुमच्या मुलीला विचारते," ती म्हणाली.

पोरीचं मराठी जेवणाच्या टेबलापुरतं. तिला हा शब्द माहीत नसला तर दुकान गेलंच.

वरच्या खोलीतून काम टाकून ती खाली आली. ऑफिसरने तक्रारीतलं वाक्य कसंबसं उच्चारलं. पोरीने कपाळाला आठ्या घातल्या आणि मग खळखळून हसली.

"ओह, बार! आजी म्हणायची ना असं. इट्स जस्ट अ वेडिंग."

माझा जीव भांड्यात पडला. ऑफिसरने पेनाला टोपण लावलं, मीही चहाचं विचारायला उठलो.

पोरीचं हसू मात्र मध्येच थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "कोणाचा वेडिंग?"

ऑफिसरने टोपण पुन्हा काढलं.