साडेतीनचा आकडा आणि पडवेकर साहेब

श्री. श्रीधर वामन पडवेकर यांची आणि माझी पहिली भेट ऑकलंडच्या धक्क्यावर, बोटीच्या शिडीवर झाली. ती मोठी प्रवासी बोट होती. साहेब तिचे चीफ इंजिनियर आणि मी इंजिनरूममध्ये नवीन लागलेला वायपर, म्हणजे सांडलेलं तेल पुसणारा. माझी बॅग विमानात कुठेतरी राहिली होती. पायात कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून घेतलेल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला होत्या. साहेबांनी वरून माझे पाय बघितले आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मग त्यांनी मराठीत गाव विचारलं. मी गुहागर तालुका म्हणालो.

"म्हणजे पोहता येत असेल," ते म्हणाले. "बरं झालं. या पायांनी खाली उतरलास तर तेलात पोहावंच लागेल."

सगळे हसले. मला राग आला होता. पण तासाभरात साहेब स्वतः माझ्या केबिनच्या दाराशी आले आणि आपले जुने सेफ्टी शूज ठेवून गेले. त्यांचा नंबर दहा, माझा आठ. पुढे चिंध्या कोंबून ते बूट मी पाच महिने वापरले.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात त्यांच्या बरोबरीचे इंजिनियर, डॉक्टर अशी शिकलेली मंडळी लिहिणार आहेत. मी सातवीपर्यंत गेलो आणि तिथून पळालो. तरीही संपादकांनी मला लिहायला सांगितलं, कारण बोटीवर साहेबांच्या हाताखाली काम केलेला इथे मी एकटाच आहे. म्हणून मी बोटीवरचंच लिहितो. थोडं लांबेल.

साहेब मूळचे दापोलीकडचे, वाढले मुंबईत. इंजिनरूममध्ये त्यांचा एक नियम होता. ज्या जागी माणूस पाठवायचा, तिथे आधी आपण जाऊन यायचं. बॉयलरच्या मागे एक अडचणीची जागा होती. तिथे शिरलं की बाहेर येताना खांदा सोलून निघायचा. मला तिथे पाठवण्याआधी पन्नाशी ओलांडलेले साहेब स्वतः आत शिरले. बाहेर येऊन बॉयलरसूट झटकत म्हणाले, डावा खांदा आधी घाल, उजवा घातलास तर जेवणापर्यंत तिथेच राहशील. ते ओरडायचे नाहीत. टोमणे मात्र असे मारायचे की माणूस दोन दिवस ते चघळत बसायचा.

वर्षभरात त्यांनी मला मोटरमन केलं. मोटरमनला वॉचवर, म्हणजे चार तासांच्या पाळीत, फेऱ्या माराव्या लागतात. तापमान, दाब, तेलाची पातळी बघायची आणि आकडे लॉगबुकात भरायचे. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. साहेबांनी प्रत्येक मीटरपाशी माझ्यासाठी मराठीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. इतर लोक हसायचे. साहेब म्हणायचे की मीटरला कुठलीच भाषा येत नाही, त्याच्यापुढे आपण सगळे सारखेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आम्ही दुपारी एक वाजता वेलिंग्टन सोडलं. दक्षिणेकडे ड्युनेडिन, तिथून फिओर्डलँडचे कडे आणि धबधबे दाखवून बोट सिडनीला जाणार होती. बोटीला पाण्याखाली दोन पंखे आणि ते फिरवणारे दोन लांबलचक शाफ्ट. शाफ्ट ज्या बेअरिंगवर फिरतो ते तापलं तर वर अलार्म वाजतो. पण डाव्या शाफ्टच्या एका बेअरिंगचा सेन्सर वेलिंग्टनला बिघडला होता आणि नवीन मिळायला चार दिवस लागणार होते. साहेबांनी हुकूम काढला की तोपर्यंत दर अर्ध्या तासाने माणसाने शाफ्टच्या बोगद्यात जायचं, त्या बेअरिंगचं तापमान बघायचं आणि लिहायचं. बारा ते चारचा वॉच माझा होता.

त्याच दिवशी आमच्या घरी पालखी येणार होती. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण इथे वाढलेल्या मुलांसाठी लिहितो. शिमग्याला गावदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. वर्षातून एकदा देवी आपल्या दाराशी येते. मुंबईतला चाकरमानी नोकरी पणाला लावून त्या दिवशी घरी पोचतो. माझं ते सलग तिसरं वर्ष होतं बाहेर, आणि वडील गेल्यानंतरची ती पहिली पालखी. इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा गावी सकाळचे साडेसात झालेले असतात. पालखी त्याच सुमाराला येणार होती. भाऊ फोन धरणार होता, म्हणजे मला ढोल ऐकू आला असता आणि आई माझ्या नावाने गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढे मागणं घालणार होती ते ऐकता आलं असतं. खाली इंजिनरूममध्ये फोन लागत नाही. वर डेकवर, किनारा दिसतोय तोवर लागायचा.

मी साहेबांना विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "तीनचं तापमान बघ आणि जा. दहा मिनिटं. साडेतीनला बोगद्यात दिसला पाहिजेस."

मी तीनला बोगद्यात गेलोच नाही. बोगदा म्हणजे लांब, गरम आणि उतरायला तीन शिड्या. दोनचा आणि अडीचचा आकडा सारखाच होता. तोच तीनच्या रकान्यात लिहिला. आणि उशीर झालाच तर असू दे म्हणून साडेतीनच्या रकान्यातही तोच आकडा आधीच लिहून ठेवला. मग वर धावलो.

पालखी उशिरा आली. फोनवर आधी नुसता कुत्र्यांचा आवाज, मग भावाची बडबड, मग ढोल. आईने गाऱ्हाणं घातलं. परमुलखात आहे त्याला सांभाळ, असं म्हणाली. मी रेलिंगला धरून रडत होतो. चाळीस मिनिटं गेली. मग किनारा लांब गेला आणि फोन तुटला. मी जिना उतरत होतो तेव्हाच खाली धावपळ सुरू झाली होती. माझ्या जागी येणारा माणूस थोडा लवकर आला होता आणि बोगद्यातून धूर येताना त्याने बघितला होता.

बेअरिंगमधलं तेल गळून गेलं होतं. आतला पांढरा धातू वितळून शाफ्टला चिकटला होता. दोन्ही इंजिनं थांबवावी लागली. भर समुद्रात बोट लाटांना आडवी झाली आणि हेलकावे खाऊ लागली. वर डायनिंग हॉलमध्ये ताटं घसरल्याचे आवाज खालपर्यंत येत होते. तो शाफ्ट फिरू नये म्हणून आम्ही सहा तास त्याला जखडत होतो. सगळ्यात खाली, तेलात गुडघे टेकून, साहेब होते.

बोल्ट आवळता आवळता मी त्यांना सगळं सांगितलं. ते पाना फिरवत राहिले. मग म्हणाले, "पालखी तुझ्या खांद्यावर होती काय रे, चाळीस मिनिटं?" थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "मला सांगितलंस ते बरं केलंस. उद्या ऑफिसचा माणूस येईल. त्यालाही हेच सांग."

एका पंख्यावर बोट हळूहळू परत वेलिंग्टनकडे निघाली. ड्युनेडिन रद्द, फिओर्डलँड रद्द. स्पीकरवर नुसतं तांत्रिक कारण एवढंच सांगितलं. लोक भडकले होते. साहेब अंघोळ करून, स्वच्छ गणवेश घालून वर गेले. मला बरोबर नेलं, का ते तेव्हा कळलं नाही. त्यांनी लोकांना सरळ सांगितलं की बेअरिंग जळालं आहे, दोन आठवडे तरी ही बोट कुठे जाणार नाही, आणि ही आमची चूक आहे, समुद्राची नाही. टिमारूचे एक म्हातारे गृहस्थ होते, बायको व्हीलचेअरवर. त्यांनी विचारलं की पुढच्या महिन्यात तरी हे जमेल का. बायकोला ते धबधबे बघायचे होते आणि पुढच्या वर्षी तिला प्रवास झेपणार नव्हता. साहेब नाही म्हणाले. या हंगामात नाही. खोटी आशा लावली असती तर त्या माणसाला तेवढ्यापुरतं बरं वाटलं असतं. साहेबांनी तसं केलं नाही. खाली उकिडवे बसले आणि त्या बाईंशी बराच वेळ बोलले. मी मागे उभा होतो. त्या बाईंचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

एवढं बघूनसुद्धा दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते लिहितो. कंपनीच्या ऑफिसचे अधिकारी लॉगबुक उघडून बसले होते. त्यांनी माझ्या अक्षरातल्या त्या आकड्यांवर बोट ठेवून हिंदीत विचारलं, हे तापमान तू जाऊन बघितलं होतंस का? माझ्या डोळ्यांसमोर घराचं अर्धं राहिलेलं छप्पर आलं, आई आली. मी हो म्हणालो.

पडवेकर साहेब शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग ऑफिसच्या माणसाला म्हणाले की सेन्सर बंद असताना बोट सोडायचा निर्णय माझा, आणि वॉचवरच्या माणसाला जागा सोडून वर जायची परवानगी दिली तीही मी. यात खोटं काही नव्हतं. पण एवढ्यावर चौकशी संपली. माझी नोकरी राहिली. साहेबांना त्या कंपनीने पुन्हा बोटीवर घेतलं नाही, आणि कागदावर तो शेरा असल्यामुळे दुसऱ्या कंपनीनेही नाही. अठ्ठावीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस त्या बोटीवरून उतरला तो कायमचा.

जळालेलं बेअरिंग ऑकलंडमधल्या पेनरोजच्या एका वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला गेलं होतं. साहेब त्याच्याबरोबर गेले आणि तिथला मालक बॅरी त्यांच्या कामावर इतका खूश झाला की त्यांना ठेवूनच घेतलं. चार पट्ट्यांचा चीफ लेथवर उभा राहिला. साहेबांच्या पत्नी, सुनंदाकाकू, ठाण्याचं घर आवरून इथे आल्या. मीही पुढच्या वर्षी बोट सोडली आणि त्यांच्याच दाराशी गेलो, कारण दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं. साहेबांनी मला घरी ठेवून घेतलं आणि वर्कशॉपमध्ये कामाला लावलं. संध्याकाळी जेवणानंतर वही पुढे टाकायचे. आधी मराठी नीट लिहायला शिकवलं, मग इंग्रजी. माझा पाय एका जागी टिकत नाही. तीन वेळा काम सोडून गेलो, तीन वेळा परत आलो. प्रत्येक वेळी ते एवढंच विचारायचे, जेवलास का. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा मला छोट्या बोटींच्या इंजिनाचं सर्टिफिकेट मिळालं. आता मी ब्लफला टगवर, म्हणजे मोठ्या बोटी ओढणाऱ्या बोटीवर आहे, दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं. ते म्हणाले, "मी माझ्यापुरतं खरं बोललो. तुझं तू बोलायचं होतंस." मग म्हणाले की गप्प राहिलो तेही बरोबर नव्हतं, पण त्या क्षणी तुझ्या आईचं ते गाऱ्हाणं डोक्यात होतं.

आपल्या मंडळात गणपतीला, कोजागरीला साहेबांची एक चेष्टा ठरलेली असते. बोट बंद पाडणारे काका. पोरंसुद्धा विचारतात, आजोबा, डिड यू रियली ब्रेक द शिप? साहेब हसून हो म्हणतात. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो हे मला माहीत आहे. मीही त्या घोळक्यात उभा राहून हसलो आहे.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी साहेबांना फोन करून विचारलं की खरं लिहू का. ते म्हणाले, लिही, पण मला देव करू नकोस. दहा मिनिटांसाठी तुला मी सोडलं होतं, तेही लिही. आणि छापायच्या आधी काकूंना वाचून दाखव, कारण तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

हे मला माहीत नव्हतं. मी काकूंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "एवढी वर्षं माझ्या हातचं जेवलास, महेश." आणि फोन ठेवला. चार दिवस मी टगवर काय काम केलं ते मला आठवत नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. राग गेलेला नव्हता, आवाजात कळत होतं. त्या म्हणाल्या, "त्यातलं एक अक्षर काढायचं नाही. आणि साठीला यायचं. ब्लफ लांब आहे हे कारण चालणार नाही."

म्हणून मी येतो आहे. रोटोटुनाला लेकीच्या घरी साहेब आता नातवाबरोबर सायकली दुरुस्त करत असतात. त्यांचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी ते विसरतात. त्यांनी ती विसरू नये. त्यांचे हात असेच चालत राहोत, कान शाबूत राहोत, काकूंच्या सोबतीने त्यांना अजून चाळीस वर्षं मिळोत, आणि आमच्यासारख्यांना टोमणे मारायला लागणारा दम त्यांच्यात शेवटपर्यंत टिकून राहो.

आणि मंडळातल्या पोरांनो, यापुढे बोट कुणी बंद पाडली असं विचारायचं असेल, तर आजोबांना विचारू नका. मी कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसलेला असेन. माझं नाव महेश सखाराम भुवड. मला विचारा, मी हो म्हणेन.