कोठीच्या झाकणावरचा पियानो

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लोणावळ्यातल्या माझ्या घराची चढण शिकायला येणाऱ्यांना नाही, मलाच अवघड झाली. चार महिने अंथरुणावर गेले, पियानो शिकवणं बंद पडलं. मुलं दुसरीकडे गेली. तेव्हा भाचीने डोळ्यांवर बांधायचा तो व्हीआरचा डबा आणून दिला. तो घातला की समोर पियानो दिसतो आणि दूरगावची शिष्या शेजारी येऊन बसते. शिष्या म्हणजे एक डोकं आणि दोन हात, बाकी सगळी हवा. राग माझ्या नाकावर पहिल्यापासूनच असतो, आता त्यावर हे ओझं.

पहिली शिष्या मिळाली तिकोणा पेठ गावची. वय पंचेचाळीस, भातशेती सांभाळून पवनेकाठी तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालणारी. पूर्वी ती एका बंगल्यात कामाला होती. तिथला पियानो तिने सहा वर्षं पुसला, पण वाजवायची परवानगी नव्हती. लेकीला नोकरी लागली तशी तिने आईला साधा कीबोर्ड आणि असाच डबा घेऊन दिला.

धड्याच्या सुरुवातीला तिने पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर बोट ठेवायचं, म्हणजे डब्यातल्या चित्रातल्या पट्ट्या खऱ्या कीबोर्डवर बरोबर बसतात. ते ती चोख करायची. मग वाजवायची आणि माझ्या कानात खडे पडायचे. बोटं मला बरोबर पट्टीवर दिसत होती, सूर मात्र भलताच. मी खेकसायचे. ती म्हणायची, "व्हय बाई, परत वाजिवते."

तीन आठवडे हेच. शेवटी मी मनाशी ठरवलं, आज सांगून टाकायचं: तुम्हाला कान नाही, उगाच वेळ घालवू नका. वाक्य अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात, पट्ट्या जुळवून झाल्यावर, तिचं डोकं नेहमीसारखं खाली गेलं आणि वर आलं.

"दर वेळी वाकून काय बघता हो?" मी विचारलं.

"बघत न्हाई बाई. पाया पडते पेटीच्या. तशीच कशी वाजवू?"

"डबा घालूनच?"

"व्हय."

मी तिला डबा काढून कीबोर्ड बघायला लावला. तिने सांगितलं तेव्हा कळलं, कीबोर्ड ठेवला होता धान्याच्या कोठीच्या गुळगुळीत पत्र्याच्या झाकणावर. ती डोकं टेकवायची, डबा कीबोर्डला धडकायचा आणि कीबोर्ड एका पट्टीएवढा सरकायचा. चित्र मात्र जागच्या जागी. तिचं काहीच चुकत नव्हतं.

"मंग पाया पडू नगं का?" तिने घाबरून विचारलं.

"पडा. आधी पाया पडा, मग पट्ट्या जुळवा."

त्या दिवशी तिने तीन आठवडे अडलेली चार ओळींची चाल पहिल्यांदा सरळ वाजवली. मी आयुष्यात बरंच चांगलं ऐकलंय, पण इतकी खूश क्वचितच झाले असेन. आज माझ्याकडे असे सात जण शिकतात. तिच्या धड्याला मीही पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावते. हे मी कधी सोडून दिलं होतं, तेही आठवत नाही.

परवा धडा संपताना ती म्हणाली, "बाई, दुसऱ्या कुनी कवाच नाद सोडला आसता माजा. तुमी न्हाई सोडला. लय उपकार झाले."

डबा घातलेला असला की डोळे पुसता येत नाहीत. मी नुसतं "पुढची ओळ वाजवा" म्हटलं. जिभेवरचं ते वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही.