साडेसहाची बंदूक

"थांब, खांद्याला विचारते," असं म्हणून ताई उजव्या खांद्यावर दोनदा थोपटायच्या. नवं प्रोजेक्ट असो की बटाट्याची गोणी, आधी खांद्याची परवानगी. ही खोड त्यांना बंदुकीने लावली.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या ऑफिसात त्या सर्वांत जुन्या मराठी इंजिनियर. जर्मन नवऱ्याला त्या 'अहो' म्हणायच्या, आणि ते उंचेपुरे गृहस्थही 'या?', म्हणजे जर्मनमध्ये 'हो?', म्हणत मुकाट वळायचे.

हे अहो शिकारी. गावालगतच्या जंगलाचा एक तुकडा त्यांनी शिकारीसाठी भाडेपट्ट्याने घेतलेला. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. बंदूक सुटली, आणि घरात दुसरं कोणी शिकारी नाही म्हणून जंगलही सुटायची वेळ आली. माणूस गप्पच झाला. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या ताईंनी यागडशाइनची, म्हणजे शिकारीच्या परवान्याची, परीक्षा दिली. अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडणाऱ्या ताईंनी, बरं का.

अहोंकडे वडिलांची रायफल होती, नऊ पॉइंट तीन मिलिमीटरच्या जाड गोळीची. ताईंनी तीच चालवावी ही त्यांची इच्छा. कॅन्टीनमध्ये आम्हीही त्यांचीच री ओढली. आम्ही म्हणजे जत्रेतल्या फुग्यांपलीकडे काही न फोडलेले पुणेकर.

"ताई, गोळीची ताकद, म्हणजे जूल, जास्त तेवढी सेफ्टी जास्त."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि माझे डोळे मिटले तर?"

अडचण तीच होती. नऊ-तीनचा धक्का एवढा, की त्याच्या धास्तीने चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे मिटत. मग गोळी भलतीकडे लागणार आणि रानडुक्कर झाडीत तडफडत राहणार. "मारायचं तर एका गोळीत. जमत नसेल तर परवाना परत करीन," त्या म्हणायच्या. शिकताना वापरलेली साडेसहा मिलिमीटरची बंदूक मात्र त्यांना पेलत होती. रानडुकरासाठी त्याहून बारीक गोळी इथल्या कायद्याला चालत नाही, पण साडेसहा चालते. प्रश्न एवढाच, की सासऱ्यांची बंदूक नको हे नवऱ्याला सांगायचं कसं. त्या दिवसांत त्यांचा डबा बऱ्याचदा तसाच घरी जायचा.

शेवटी त्यांनी सांगितलं.

शनिवारी मी ताईंना गाडीने नेमबाजीच्या मैदानावर सोडलं, तर अहो आधीच येऊन उभे. ताईंनी दुकानातून चाचणीसाठी आणलेली साडेसहा खांद्याला लावली. बार झाला. अहो निशाणाकडे बघतच नव्हते, बायकोच्या डोळ्यांकडे बघत होते.

"उघडे राहिले," ते म्हणाले.

आता ताई निवृत्त आहेत. कॅन्टीनमधल्या त्यांच्या खुर्चीवर कोणीतरी नवा मुलगा बसतो. पानगळीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. "रानडुक्कर मिळालं रे. एकाच गोळीत, जागच्या जागी."

इथे शिकार झालेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास म्हणून. ती अहोंनी ठेवली, ताई सांगत होत्या. हात थरथरत होता, डहाळी पुन्हा पुन्हा खाली पडत होती. ताई टोपी काढून शेजारी उभ्या राहिल्या.

"तुम्ही ठेवायची ना," मी म्हणालो.

"छे. घाई कसली? जंगल आमच्याकडेच राहिलंय."