खाली दुकान, वर घर: अहिल्यानगरच्या जुन्या बाजारातले दोन दिवस

शमीमचाचीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, भाजी निवडत बसले होते.

"पोरी, आपला बाजार पाडनार हायेत. शुक्रवारी सुनावनी हाय. येतीस का?"

पाडणार म्हणजे पुनर्विकास. रस्ता रुंद, तळघरात पार्किंग, खाली दुकानं, वर ऑफिसं. दुकानांच्या वर राहणाऱ्या भाडेकरूंना शहराबाहेर, बाह्यवळणाजवळ फ्लॅट. याच बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले. त्या सोडूनही बारा वर्षं झाली. तरी रजा टाकली.

गुरुवारी सकाळी एसटीनं निघाले. वाघोलीपर्यंत गाडी मुंगीसारखी सरकते, शिरूरनंतर रस्ता मोकळा. जाणार असाल तर स्वतःची गाडी काढू नका. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि बाजारात गाडी लावायला जागाच नाही. सुप्याला वडापाव खाल्ला, दुपारच्या आत माळीवाडा स्टँड. तिथून पायी.

गल्लीत शिरले आणि खरं सांगते, वाईट वाटलं. सज्ज्यांना लाकडी टेकू दिलेले, डोक्यावर वायरींचं जाळं. चाचीच्या शेजारच्या काकांना मागच्या वर्षी खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागलं, कारण ॲम्ब्युलन्स आत येईना. काहीतरी करायला हवं होतंच.

चाची आमच्या शेजारच्या खोलीत राहते, गाद्या-उशा शिवते. आई नोकरीवरून येईपर्यंत मी तिच्या कापसाच्या ढिगावर झोपायची. तिनं शिपी आमटी केली होती, काळ्या मसाल्याची, झणझणीत, सोबत बाजरीची भाकरी. जेवून मी आमच्या दाराशी गेले. आता तिथं कापडाचं गोदाम आहे. कुलूप होतं. फटीतून नुसते गठ्ठे दिसले. खिडकी कुठल्या बाजूला होती ते क्षणभर आठवेना, आणि मी घाबरले.

शुक्रवारी सुनावणीला दुकानदारांची गर्दी होती. बाहेर हरकतीचा अर्ज भरायचा. त्यात 'मिळकतीशी संबंध' असा रकाना: मालक, भाडेकरू, इतर. मी पेन धरून उभी राहिले. शेवटी 'इतर'वर खूण केली.

नगररचना विभागाच्या एक तरुण अधिकारी नकाशापुढे बसल्या होत्या. चाचीची पाळी आली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, तिकडचा फ्लॅट मोठा आहे. लिफ्ट आहे, उजेड आहे."

"असंल बाई. पन खालचा गादीवाला मला हाक मारतो, मी वरून दोरीनं उशी खाली सोडते. त्या लिफ्टमदी मला कोन हाक मारनार?"

लोक हसले. चाची हसली नाही.

"आन दुकानं बंद झाल्यावर बाजारात कोन ऱ्हातं? आमीच ना? मागं दुकानाला आग लागली, तवा पयला हंडा आमी वतला. समदीच ऑफिसं केली, तर तवा कोन असंल?"

बाईंनी पेन उचललं. "आग विझवली ते पुन्हा सांगा. सगळं सावकाश सांगा." आणि त्या लिहीत राहिल्या, दोन पानं.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. कामरगावच्या पुढं माळरान पिवळं पडलेलं. आपण जिथं राहत नाही त्या जागेची आपल्याला इतकी ओढ का लागावी, याचं उत्तर पुण्यापर्यंत सापडलं नाही.

चार महिन्यांनी चाचीचा फोन आला. सुधारित आराखड्यात वरचे दोन मजले घरांना ठेवले होते. बांधकाम होईपर्यंत तिला पारनेरला लेकीकडे राहावं लागेल, पण खोली तिथंच, बाजारात मिळेल. मी आनंदानं ओरडलेच.

"चाची, जिंकलीस!"

"व्हय. पन तुझं काम न्हाई झालं."

"माझं कुठलं काम?"

"त्या बाईला इचारलं हुतं मी, तू हाटेलात चा आनायला गेल्तीस तवा. म्हनलं, शेजारची पोर हाय, तिला बी एक खोली द्या. ती म्हनाली, त्या तिथं राहत नाहीत ना. म्हनलं, ऱ्हात न्हाई, पन येती की."

बारा वर्षांत मी फक्त तीनदा गेले होते.

"हॅलो? पोरी, हायेस ना?"

"आहे," म्हणाले.