फक्त मनगट

आईचं मनगट मोडलं ते रोवणी करताना, धानाच्या बांधीत. तोल गेला, तिने चिखलात हात टेकला आणि हाड गेलं. चिखलासारख्या मऊ जागी हात टेकून हाड मोडतं, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. दवाखान्यात सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, प्लास्टरवाल्याने प्लास्टर घातलं, औषधाच्या खिडकीतून गोळ्या मिळाल्या. हाड इतक्या सहज का मोडलं, हे विचारणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही. मी काय, नुसता मुलगा.

प्लास्टर निघालं तशा आईने गोळ्या बंद केल्या. म्हणाली, "जुळलं ना हाड? मंग गोळ्या कायले?" मला ते पटलं. दुखणं थांबलं की औषध बंद, हे आमच्या घराण्याचं वैद्यकशास्त्र.

त्याच महिन्यात गाय व्याली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दूध देऊन देऊन अंगातलं कॅल्शियम जातं, औषध पाजा. मी त्याच दिवशी मोहाडीहून बाटली आणली, मोबाइलवर गजर लावला आणि एकही दिवस चुकू दिला नाही. पाजत होती आईच. चार लेकरं अंगावर पाजून वाढवलेली ती बाई, गाईचं तोंड धरून उभी राहायची आणि मी शेजारी औषधाचं माप बघायचो.

पुढच्या वर्षी आई न्हाणीत घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात एक सिस्टर वही घेऊन खाटेपाशी आली. हाडाचे डॉक्टर, व्यायाम, औषधं, पुढच्या तपासण्या, सगळं तिच्या एकाच वहीत. आमच्याकडे एवढी अक्कल यायला दुसरं हाड मोडावं लागलं.

"आधी कधी हाड मोडलं होतं काय?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "फक्त मनगट."

तिचं लिहिणं थांबलं. "दादा, तवाच हाडं तपासून औषध चालू ठेवलं असतं, तं खुबा वाचला असता कदाचित."

मला तिचा भयंकर राग आला. खरं तर माझाच आला होता, पण समोर ती होती.

आता ती दर महिन्याला न चुकता फोन करते. इंजेक्शनची तारीख सांगते, मग आईशी बोलते. कालही तिने विचारलं, "मावशी, पुन्हा पडल्या तं नाही ना?"

आई खाटेवरूनच म्हणाली, "पडासाठी आंधी उभं तं राहा लागते, बाई."