प्रणिताची उष्णता

प्रणिताला नववा महिना लागलाय आणि तिनं बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना अजून खरं सांगितलेलं नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

ही माझी लेक ऑटोवाल्याला "मेरेकू हौला समझे क्या?", मला खुळी समजलास काय, म्हणून मीटर टाकायला लावणारी. तारनाक्याला नव्यानं निघालेल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवते. सासरी मात्र पहिल्याच वर्षी तिचं तोंड मिटलं. ताप, लघवीला आग आणि नको त्या जागी फोड. सासूबाई सावित्रीबाई मायेच्या. उष्णता म्हणून त्यांनी सब्जा भिजवून दिला. फोड गेले. पुन्हा आले, पुन्हा सब्जा. 'आमच्या सुनेची उष्णता' घरात थट्टेचा विषय झाला.

शेवटी ती एकटीच अफझलगंजच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. हर्पीस, त्या म्हणाल्या. शरीरसंबंधातून लागतो, औषधानं दबतो, मुळापासून जात नाही. जावयांना, योगेशरावांना, स्वतःच्या अंगावर कधी काही दिसलंच नव्हतं. पुष्कळांना दिसत नाही म्हणे. दोघं खूप भांडली, रडली, मग औषध आणायला बरोबरच गेली.

मला हे काल कळलं. सुलतान बाजारात झबल्यांसाठी मलमल बघत होतो. ती एकदम म्हणाली, "आई, बाळाला माझं लागलं तर?"

दुकानातल्या बाकावर बसून तिनं सगळं सांगितलं. कळा येताना फोड असले तर पोटावाटे बाळ काढावं लागतं. जन्मताना लागलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

"मग नर्सिंग होममध्ये सांगितलंस ना?"

"कसं सांगू? सासूबाई शेजारी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधीचा काही आजार? तर सासूबाईच बोलल्या, 'काही नाही हो, जरा उष्ण प्रकृती.'"

"आणि तू?"

"मान हलवली."

"किती सब्जा प्यायलीस गं?"

"हुसेनसागर भरेल एवढा."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं त्याच मलमलीला डोळे पुसले.

बाळंतपण तारनाक्यालाच, सासरी करायचं सावित्रीबाईंनी ठरवलंय. "तुम्हाला दगदग नको," म्हणाल्या होत्या आणि मी भिडेनं हो म्हटलं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरचं. ते मागायला कारण द्यावं लागत नाही, आणि प्रणिताचं गुपितही तिचंच राहतं. इथे माझ्याकडे आली की डॉक्टरांच्या खोलीत तिच्याबरोबर सावित्रीबाईंऐवजी मी असेन. ती म्हणाली तर मीही बाहेर बसेन.

उजाडताच फोन करणार आहे: "सावित्रीबाई, मी आज लेकीला न्यायला येतेय."