गाडी मी चालवत होतो

दोस्तांनो, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

ईदच्या सुट्टीत इथे सौदीत, ताइफबाहेर कफीलच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या शेतावर पाळलेल्या हरणांच्या शिकारीला गेलो होतो. चाचांची गोळी लागून एक हरीण जखमी होऊन पळालं. चाचा म्हणाले, "गाडी हळू घे. दमून बसेल, मग सुरी फिरवू."

मागून चुलतभाऊ इरफान हसला. "ती तुझा फोन उचलत नाही, हरीण काय थांबणार तुझ्यासाठी!"

जिच्यापायी कॉलेज अर्धवट सोडलं, तिचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. मी पिकअप दामटली. हरणाला बंपर बसला आणि सुरी फिरायच्या आधीच ते मेलं. म्हणजे हराम. सगळ्यांचं जेवण गेलं.

शेतावर पाहुण्यांसोबत वाट बघत बसलेला कफील आम्ही पोचताच ओरडला, "गाडी कोण चालवत होतं?"

मला इथे नोकरीला लावणारे चाचा म्हणाले, "मी."

वीस वर्षं त्याच्याकडे राबलेला माणूस पाहुण्यांसमोर बोलणी खात उभा होता आणि मी गप्प बसलो.

परतताना चाचा रागावलेसुद्धा नाहीत. "बेल्ट लाव," एवढंच म्हणाले.

उद्या कफीलला खरं सांगणार आहे, नोकरी गेली तरी. पण चाचांसमोर नजर कशी वर करू? सांगा कुणीतरी.